ब्लॉग काढायचाय? आधी भाची शोधा

निवृत्त झालात, अभिनंदन. आता ब्लॉग काढायलाच हवा. नोकरीतले किस्से आणि गडकिल्ल्यांच्या भटकंत्या घरच्यांनी ऐकून ऐकून पाठ केल्या, पण बाकीच्या जगानं काय घोडं मारलंय?

तर सगळ्यात आधी एक भाची शोधा. भाचाही चालतो, पण भाचे फोन उचलत नाहीत. भाची आयटीत असावी. ती तिथे पगारपत्रकांच्या सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करते, ब्लॉगशी तिचा काडीचा संबंध नाही, असं ती सांगेल. मनावर घेऊ नका. डोळ्यांच्या डॉक्टरला आपण लग्नात गुडघा दाखवतोच ना?

वार रविवार. वेळ दुपारी जेवल्यावर. वाक्य ठरलेलं: "पाच मिनिटांचं काम आहे गं, तुझ्यासाठी काय!"

पासवर्ड लक्षात ठेवू नका. भाची आहे.

खातं उघडताना मोबाइल नंबर विचारतात, तिथे जुना द्या. तोच, जो मागच्या दिवाळीत वापरणं बंद करून सिमकार्ड जावयाला देऊन टाकलंत. म्हणजे ओटीपी नागपूरला जाईल, जावई जेवत असेल, आणि तो हात धुऊन येईपर्यंत ओटीपीची मुदत संपेल. असं तीनदा करा.

लेखांना लावायची लेबलं, म्हणजे विषयांच्या चिठ्ठ्या, मराठीतच हव्यात, हा आग्रह योग्यच आहे. फक्त अशा लेबलाची ब्राउझरमधली लिंक उचलून व्हॉट्सॲपवर टाकलीत की तिचं टक्का-ई-शून्य-टक्का-ए-चार असं तीन ओळींचं भेंडोळं होतं. ते बघून लगेच कुटुंबाच्या ग्रुपवर लिहा, "कोणी उघडू नका, व्हायरस आहे." स्वतःच्याच ब्लॉगबद्दल.

आता मजकूर. तो कधीही स्वतः टाइप करू नका. कोपऱ्यावरच्या डीटीपीवाल्याकडून बारा लेख करून घ्या आणि पेनड्राइव्ह भाचीच्या हातात ठेवा. "नुसतं कॉपी-पेस्ट करायचंय." ती पेस्ट करेल आणि पडद्यावर डॉलर, कंस, उलटे स्वल्पविराम यांची जत्रा भरेल. अशा वेळी तिच्या खांद्यावरून वाकून म्हणावं, "त्याच्याकडे तर छान दिसत होतं. तुझ्याच कॉम्प्युटरला मराठी येत नाही वाटतं."

येतं. माझ्या कॉम्प्युटरला व्यवस्थित मराठी येतं. शिवाजी काय, कृतिदेव काय, या जुन्या फॉन्टांत मराठी अक्षर इंग्रजी अक्षराच्या खोलीत पोटभाडेकरू म्हणून राहतं. फॉन्ट निघाला की मूळ मालक दारात उभा. युनिकोडनं, म्हणजे जगातल्या लिप्यांना कॉम्प्युटरवर आपापली जागा देणाऱ्या पद्धतीनं, देवनागरीला स्वतःची १२८ खोल्यांची चाळ बांधून दिली, तीही १९९१ साली. पण कोपऱ्यावरच्या दुकानाचं बिऱ्हाड अजून हललेलं नाही. हे मी मामाला सांगितलं. चहा पिता पिता सांगितलं, वहीवर चौकोन काढून सांगितलं. मामा म्हणाला, "बरं, पण मग आज होईल ना?"

झालं. फुकटातला एक कन्व्हर्टर शोधला आणि बारा लेख त्यातून काढले. 'किल्ला'चा 'कल्लिा' होऊन आला. प्रत्येक वेलांटी शेजारच्या घरात, प्रत्येक रफार छप्पर सोडून पळालेला. रात्री साडेअकरापर्यंत मी एकेक वेलांटी उचलून जागेवर बसवत होते. मामा साडेनवाला झोपला. जाताना म्हणाला, "दिवा मालव गं जाताना."

एवढं करून एक राहिलंच. 'दऱ्या'मधला तो अर्धा र, कोयतीसारखा दिसणारा, कन्व्हर्टरला माहीतच नव्हता. त्यामुळे हरिश्चंद्रगडाच्या लेखात मामा कोकणकडा डोळे भरून पाहतो आणि नळीच्या वाटेनं थेट 'दर्यात' उतरतो. सह्याद्रीत. पहिली प्रतिक्रिया मामाच्याच ट्रेकमधल्या मित्राची आली: "आपण दर्यात कधी उतरलो रे? होडी कोणी आणली होती?"

आणि मग मागच्या शनिवारचा साखरपुडा. माणसं पन्नास. मामा वाढपाच्या रांगेत उभा राहून सगळ्यांना सांगतोय, "ब्लॉग भाचीनं केलाय. तसा बरा आहे, पण घाई करते हो ही. शुद्धलेखन कच्चं आहे या पिढीचं." माझ्या ताटात तेव्हा जिलबी होती. ती तशीच राहिली.

तर मंडळी, सल्ले पुरे. ब्लॉगर ही ब्लॉगची साइट १९९९ साली निघाली, २००३ साली गुगलनं घेतली. काल परवा आलेलं खूळ नाहीये हे. शेअरचे भाव मोबाइलवर बघता येतात तुम्हाला. रेल्वेचं तत्काळ तिकीट दहाच्या ठोक्याला काढता येतं, नातवाच्या फोनमधला गेम हरवता येतो. मग 'प्रकाशित करा' लिहिलेलं बटण तेवढं कसं सापडत नाही? ते नारिंगी आहे. त्यावर मराठीत लिहिलंय. वय आड येत नाही तुमच्या, आळस येतो. आणि आम्ही फुकट मिळतो म्हणून येतो. शिकवायला बसलं की तुम्हाला फोन येतो, करून दिलं की चूक काढायला चष्मा सापडतो.

मामा, वही काढ. पासवर्ड लिही, स्वतःच्या हातानं, तारीख घालून. नवा नंबर खात्यात टाक. तीन लेखांतल्या 'दऱ्या' मी नीट केल्यात, उरलेले नऊ तुझे तू कर. कीबोर्ड इनस्क्रिप्टवर, म्हणजे मराठी अक्षरांच्या मांडणीवर, लावून दिलाय. 'ऱ'साठी शिफ्ट धरून इंग्रजी 'जे' दाबायचं. धरून. आधी 'जे' आणि मग शिफ्ट नव्हे.