शेवटच्या वक्त्याची सात मिनिटं

आज दुपारी एका आंतरराष्ट्रीय ऊर्जा परिषदेच्या तांत्रिक सत्रात एका तरुण इंजिनीअर बाईंना वीस मिनिटांच्या जागी सात मिनिटं मिळाली. परिषदेचं नाव लिहीत नाही, बाईंचंही नाही. डोकं अजून शांत झालेलं नाही म्हणून आत्ताच लिहितोय.

विषय होता ईएसपीचा, म्हणजे तेलविहिरीत खोल सोडलेल्या विजेच्या पंपाचा. त्याचा शाफ्ट, म्हणजे मोटरची गती पंपाला देणारा दांडा, का तुटतो. चौदा स्लाइड होत्या. आठवीवर आल्या तोच सेशन चेअरनी, म्हणजे सत्राच्या अध्यक्षांनी, माइक घेतला, "मॅडम, थेट निष्कर्षावर जाऊया का?" बाईंनी निमूटपणे बटण दाबत पुढच्या स्लाइड सारल्या. त्या सरकताना एक फोटो पडद्यावर जेमतेम दिसला: तुटलेल्या शाफ्टचं टोक, आणि त्यावरचे स्प्लाइनचे सरळ दाते सुतळीला पीळ द्यावा तसे एका बाजूला वळलेले. दिसला आणि गेला. पुढची स्लाइड, "थँक यू".

सात मिनिटं कशी उरली त्याचा हिशोब मी मागच्या रांगेत बसून मांडला. सत्र ९० मिनिटांचं, वक्ते चार. उद्घाटन लांबलं म्हणून सुरुवातच १० मिनिटं उशिरा. चेअरचं प्रास्ताविक ६ मिनिटं, विषय ऊर्जासंक्रमण, ज्याचा त्या सत्राशी काडीचा संबंध नव्हता. चार जणांचे परिचय, प्रत्येकी २ मिनिटं, कुठून पदवी घेतली इथपासून. झाले ८. पहिला वक्ता २५ मिनिटं बोलला, दुसरा १८, तिसरा १६. बेरीज करा, ८३ होते.

आता हेच दुसऱ्या तऱ्हेनं करून बघा. १० मिनिटं गेली ती गेली, ८० उरली. चेअरनी प्रास्ताविक एका मिनिटात उरकायचं, परिचय अर्ध्या मिनिटात एक. झाली ३ मिनिटं. उरलेली ७७ चौघांत वाटली तर प्रत्येकाला १९ मिनिटं येतात. म्हणजे उशीर होऊनसुद्धा त्या बाईंचं एकच मिनिट गेलं असतं! उशीर झाला की तो सगळ्यांत सारखा वाटायचा आणि पहिली कात्री स्वतःच्या भाषणाला लावायची, चेअरचं एवढंच तर काम. पण होतं काय, पहिल्या वक्त्याला थांबवायला संकोच वाटतो, दुसऱ्याच्या वेळी "होईल मॅनेज" असं वाटतं, आणि सगळी थकबाकी शेवटच्याच्या माथी मारली जाते. शेवटचा बहुधा वयानं लहान, पदानं लहान, त्यामुळे भांडतही नाही.

जे कापलं गेलं ते काय होतं, हे ज्यांना या पंपांची माहिती नाही त्यांच्यासाठी लिहितो. ईएसपी बंद पडला की ट्यूबिंगमधला, म्हणजे तेल वर आणणाऱ्या नळीतला, तेला-पाण्याचा स्तंभ पंपातून खाली उतरतो आणि पंप उलटा फिरायला लागतो. वरचा चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेनं जाऊ देणारी झडप) वाळूनं किंवा क्षारानं गळत असेल तर तो काही हे रोखत नाही. अशा उलट्या फिरणाऱ्या पंपाला सुलट वीज दिली की सगळा पीळ शाफ्टवर येतो, आणि तो सगळ्यांत अशक्त जागी, बहुतेकदा कपलिंगजवळच्या (सांध्याजवळच्या) स्प्लाइनमध्ये, तुटतो. म्हणून बंद पडल्यावर अर्धा तास तरी थांबून मगच सुरू करायचा ही जुनी शिस्त. पण विहिरीत गॅस जास्त असेल तर पंप वारंवार अंडरलोडवर ट्रिप होतो, म्हणजे भार कमी पडला म्हणून आपोआप बंद पडतो, उत्पादन बुडतं, वरून फोन येतात, आणि कोणीतरी ऑटो-रिस्टार्टचा टायमर कमी करून ठेवतो. बाईंच्या केसमध्ये एका रात्रीत पंप सहा वेळा सुरू केला गेला होता.

खरी गंमत, गंमत कसली, खरं दुखणं पुढे आहे. शाफ्ट तुटल्यावर मोटर फिरतच राहते. अँपिअर खाली येतात, विहिरीच्या तोंडाशी प्रवाह शून्य. गॅस लॉकमध्येही, म्हणजे पंपात गॅस अडकून तेल उचललं जात नाही तेव्हाही, वरवर हेच दिसतं. माणसं गॅस लॉक समजून विजेची फ्रिक्वेन्सी, म्हणजे मोटरचा वेग, वर-खाली करत बसतात, दिवस जातात. फरक अँपिअरच्या आलेखात असतो. गॅस लॉकमध्ये रेघ थरथरते, थोडा वेळ पंप बंद ठेवून सुरू केला की बऱ्याचदा ताळ्यावर येते. पंप आणि प्रोटेक्टरच्या (मोटरला विहिरीतल्या द्रवापासून वाचवणाऱ्या भागाच्या) मधला शाफ्ट तुटला असेल तर रेघ खाली जाऊन सपाट होते, आणि फ्रिक्वेन्सी कितीही बदला, डिस्चार्ज प्रेशर, म्हणजे पंपातून बाहेर पडणाऱ्या द्रवाचा दाब, ढिम्म हलत नाही. हे दोन आलेख शेजारी-शेजारी दाखवणारी स्लाइड त्या सारलेल्या सहांमध्येच असणार, कारण आधीच्या आठांत ती नव्हती. समुद्रात विहीरदुरुस्तीची वर्कओव्हर रिग आणून पंप उपसायचा खर्च ज्यांनी पाहिलाय त्यांना त्या एका स्लाइडची किंमत सांगायला नको.

आणि ही फक्त पंपाची गोष्ट नाही. २३ डिसेंबर २००९ ला उत्तर समुद्रात विहिरी खोदणाऱ्या ट्रान्सओशन कंपनीच्या एका रिगवर असं झालं: विहिरीची निगेटिव्ह टेस्ट (आतला दाब कमी करून विहीर गळते का ते बघणारी चाचणी) पास झाली होती, विहिरीला दाबून धरणारा जड चिखल (ड्रिलिंग मड) काढून समुद्राचं पाणी भरायचं काम चालू होतं, टेस्ट झालीय म्हणून लक्ष सैल पडलं, आणि आतला अडसर निकामी होऊन विहीर उसळली. वेळेवर बंद करता आली म्हणून निभावलं. कंपनीनं त्यावर रीतसर एक प्रेझेंटेशन केलं होतं. टेस्ट केलेला अडसरसुद्धा दगा देऊ शकतो, हाच त्याचा धडा. पुढच्या वर्षीच्या स्फोटाची चौकशी करणाऱ्या अमेरिकेच्या राष्ट्रीय आयोगाचा अहवाल सांगतो की ते प्रेझेंटेशन त्याच कंपनीच्या, मेक्सिकोच्या आखातातल्या डीपवॉटर होरायझन या रिगवरच्या लोकांपर्यंत पोहोचलंच नाही. २० एप्रिल २०१० ला ती रिग खोदत असलेल्या मॅकोंडो विहिरीवर निगेटिव्ह टेस्टमध्ये ड्रिल पाइपवर १,४०० पीएसआय दाब आणि किल लाइन या दुसऱ्या नळीवर शून्य दिसत होतं. दोन्ही नळ्या एकाच विहिरीत उघडतात, त्यामुळे ते दोन आकडे एकमेकांशी जुळतच नाहीत. तरी टेस्ट पास धरली. विहीर उसळून स्फोट झाला, अकरा माणसं गेली. तयार असलेल्या स्लाइड, योग्य माणसांसमोर न लागलेल्या! आणि आपण इथे हॉलमध्ये माणसं बसलेली असताना स्लाइड पुढे सारतो.

आपल्याकडचंच घ्या. २६ जुलै २००५ चा पाऊस सगळ्यांना आठवतो. दुसऱ्याच दिवशी, २७ जुलैला, मुंबईजवळच्या समुद्रातला ओएनजीसीचा मुंबई हाय नॉर्थ हा तेलाचा प्लॅटफॉर्म जळाला. हाताचं बोट कापल्यामुळे जखमी झालेल्या एका खलाशी-आचाऱ्याला 'समुद्र सुरक्षा' नावाच्या जहाजावरून प्लॅटफॉर्मवर चढवायचं होतं. खवळलेल्या समुद्रात जहाज वाऱ्याच्या बाजूनं जवळ आलं आणि त्याचं हेलिडेक (हेलिकॉप्टर उतरायची जागा) गॅसच्या रायझरवर, म्हणजे समुद्रतळावरून वर येणाऱ्या नळीवर, आदळलं. २२ जण गेले. यावर बोलायचं तर कुठल्या बाजूची क्रेन चालू होती, जहाज त्याच बाजूनं का आलं, रायझर जॅकेटच्या (प्लॅटफॉर्मला पेलणाऱ्या लोखंडी सांगाड्याच्या) बाहेर उघडे का होते, यावर बोललं पाहिजे. "सेफ्टी कल्चर" हा शब्द चाळीस मिनिटं घोळवून कोणाच्या हाती काय लागतं?

मान्य आहे, प्रायोजकांच्या पैशावर हॉल मिळतो आणि मंत्री आले की गर्दी होते. ह्यूस्टनचं सेरावीक काय, अबू धाबीचं ॲडिपेक काय, या ऊर्जा परिषदांच्या मोठ्या मंचावर धोरण आणि गुंतवणूक बोलली जाते, तेही लागतं. बोला की. पण ते तांत्रिक सत्राच्या वेळातून वसूल करू नका, आणि प्रायोजकाच्या माणसाला पहिला नंबर देऊन पंचवीस मिनिटं सोडू नका. सात जणांचं पॅनल ४५ मिनिटांत बसवणाऱ्यांनाही एक विनंती, एकदा भागाकार करा. प्रत्येकाला सहा मिनिटं येतात, त्यात मॉडरेटरचे प्रश्नही आले आणि प्रेक्षकांचेही. चारांच्या वर माणसं घेतली की ती चर्चा राहत नाही, हजेरी होते.

एक गोष्ट मात्र चेअरच्या हाताबाहेरची आहे, आणि तिचा मला जास्त राग येतो. पेपर स्वीकारला गेला की कंपनीची परवानगी लागते. आधी फील्डचं नाव जातं. ठीक. मग विहिरींचे नंबर जातात. तेही ठीक. मग कोणीतरी वरचा माणूस आलेखाच्या अक्षावरचे आकडे काढायला लावतो आणि उभा अक्ष शून्य ते एक होऊन बसतो, "नॉर्मलाइज्ड". शेवटी "फेल्युअर" या शब्दाच्या जागी "लर्निंग" येतो. असा आलेख बघून कोणी काय शिकणार? यातून वाट आहे. नाव न घेता पंप किती दिवस चालला ते सांगता येतं, किती विहिरींपैकी किती हे सांगता येतं, रिस्टार्टमधलं अंतर मिनिटांत सांगता येतं. यातलं काहीच गोपनीय नसतं. पण हे मागून घ्यायला चेअरनं चार आठवडे आधी वक्त्याशी बोलायला हवं. आदल्या रात्री स्लाइड बघून काय उपयोग!

मघाशी चेअरवर फार चिडलो. आता जरा थंड डोक्यानं लिहितो. हे काम कोणी पैशासाठी करत नाही. नोकरी सांभाळून शेकडो ॲबस्ट्रॅक्ट वाचायचे, गुण द्यायचे, गळालेल्या वक्त्याच्या जागी राखीव शोधायचा, आणि हे करून सत्राच्या दिवशी माइकवाला पोरगा जागेवर नसतो. आजचे चेअर मुळात भला माणूस. सत्र संपल्यावर बाईंकडे जाऊन त्यांनी माफी मागितली, मी पाहिलं. त्यांना कोणी हे काम शिकवलंच नसणार. आपण वक्त्यांसाठी कार्यशाळा घेतो, चेअरसाठी कधी घेतली?

म्हणून, हे वाचणाऱ्यांपैकी जे पुढच्या हंगामात चेअर होणार आहेत, आणि तुम्ही बरेच आहात, त्यांच्यासाठी. महिनाभर आधी चारही वक्त्यांना एका कॉलवर घ्या. पंधरा मिनिटांच्या भाषणाला दहा-बारा स्लाइड पुष्कळ. चौदा असतील तर कुठल्या दोन गाळायच्या ते तेव्हाच ठरवा, मंचावर नाही. सगळ्यांत महत्त्वाची स्लाइड पहिल्या पाचांत आणायला लावा. आज ते झालं असतं तर शाफ्टचा फोटो वाचला असता. कंपनीचा लोगो पहिल्या आणि शेवटच्या स्लाइडवर, मध्ये कुठेही नाही. परिचय पन्नास शब्दांत वक्त्याकडूनच लिहून घ्या आणि त्यातलं एक अक्षर वाढवू नका. स्लाइड आदल्या संध्याकाळी स्पीकर रेडी रूममध्ये चढवून व्हिडिओ तिथल्या मशीनवर चालवून बघा, वक्त्याच्या लॅपटॉपवर नाही. हल्ली एलईडी पडदे असतात, त्यांवर लेझर पॉइंटरचा ठिपका दिसतच नाही, तेव्हा बाण आणि गोल स्लाइडवरच काढून आणायला सांगा. वेळ दाखवणारं घड्याळ वक्त्याच्या समोर, जमिनीलगत. दोन मिनिटं उरली की कार्ड. शून्य झालं की तुम्ही खुर्चीतून उठा. नुसते उठलात तरी भलेभले थांबतात. नाही थांबले तर चालत पोडियमपर्यंत जा. प्रायोजकाचा माणूस असला तरी जा.

आणि पहिला प्रश्न तुमच्याकडे तयार ठेवा. आपल्याकडे पहिला हात वर व्हायला वेळ लागतो, आणि जो होतो तो बहुधा भाषण करतो.

चहाच्या वेळी बाई कोपऱ्यातल्या उंच टेबलापाशी एकट्याच उभ्या होत्या. कोणीतरी जाऊन म्हणालं, तो फोटो परत दाखवता का? त्यांनी लॅपटॉप उघडला. पाच मिनिटांत तिथे दहा-बारा माणसं जमली, दोघं परदेशी, एक उरणचा. मी मागून बघत होतो. ते दोन आलेख होते, थरथरणारी रेघ आणि सपाट रेघ. उरणवाल्यांनी चष्मा वर करून सपाट रेघेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ही आमच्याकडे आठवडाभर अशीच आहे. आम्ही गॅस समजतोय." बाईंनी विचारलं, "फ्रिक्वेन्सी बदलल्यावर डिस्चार्ज प्रेशर हलतं का?" ते काहीच बोलले नाहीत. फोन काढून बाजूला गेले, आणि प्लॅटफॉर्मवर कोणाला तरी आकडे वाचायला सांगू लागले.