मूकपटाचा गलबला

चार्ली चॅप्लिनचा दोन रिळांचा विनोदपट घरी बसून बघायला किती वेळ लागतो? आई म्हणते, वीसेक मिनिटं. ही म्हणते, अख्खा रविवार. मला विचाराल तर आधी वेग ठरवावा लागेल.

हसू नका, हिशोब बघा. एक रीळ साधारण १००० फुटांचं, फुटाला १६ फ्रेम. त्या काळी कॅमेरा हाताने फिरवायचे. सेकंदाला दोन फेरे म्हणजे १६ फ्रेम, असा ढोबळ नियम. त्या वेगाने दोन रिळं ३३ मिनिटं चालतात. बोलपटांच्या २४च्या वेगाने तीच २२ मिनिटांत आटोपतात. बरं, १६ हाच खरा वेग म्हणावा तर विनोदपटवाले पळापळ चांगली दिसावी म्हणून हँडल मुद्दाम हळू फिरवायचे. म्हणजे खरा वेग कुणाच्या तरी मनगटात होता आणि तो माणूस मनगटासकट गेला. आता प्रत्येक डीव्हीडीवाला आपापल्या मगदुराप्रमाणे अंदाज बांधतो आणि वेष्टनावर मिनिटं छापतो. माझ्याकडे एकाच सिनेमाच्या तीन आवृत्त्या आहेत आणि तिन्ही वेगवेगळ्या वेळी संपतात.

सुरुवात एका स्वस्त संचाने झाली. वेष्टनावर टोपी, काठी आणि 'द किड'मधलं ते गोजिरवाणं पोर. आत 'द किड' नाही. पन्नास विनोदपट मात्र होते, म्हणजे वेष्टन तसं म्हणत होतं. पहिलाच लावला आणि पडद्यावर सगळे जीव खाऊन पळायला लागले. पोलीस पळतायत, बायका पळतायत, बाकावर बसलेला म्हाताराही घाईघाईत बसलेला.

"अरे, सगळ्यांची आठ-बाराची लोकल चुकतेय का?" आईने विचारलं. आईचं माहेर दादरचं.

संगीत म्हणून एकच पियानो. भांडण झालं तरी तीच धून, लग्न जुळलं तरी तीच, आणि माणूस पाण्यात पडून वर येईना तरी पियानोवाल्याचं आपलं टुणुक टुणुक चालूच. धून संपली की एक खट् आवाज आणि पुन्हा पहिल्यापासून.

तिसऱ्या दिवशी 'हॉटेल मिक्सअप' लावला तर हिने मटार सोलता सोलता मान वर केली. "अहो, हा परवाच झाला की." खरंच झाला होता, 'मेबल्स स्ट्रेंज प्रेडिकमेंट' या नावाने. चॅप्लिन १९१४ संपता संपता कीस्टोन ही त्याची पहिली सिनेमा कंपनी सोडून गेला, पुढे त्याचं नाव जगभर झालं, तेव्हा वितरकांनी त्याचे जुने सिनेमे नवी नावं लावून पुन्हा पुन्हा विकले. 'किड ऑटो रेसेस' कुठे 'द पेस्ट' झाला, 'कॉट इन अ कॅबरे' कुठे 'जॅझ वेटर'. त्याची पुढची कंपनी, 'एसने' नावाची, तर आणखी पोचलेली. तो गेल्यावर त्यांनी उरलेसुरले तुकडे जोडून, मधे नवीन काहीबाही चित्रित करून १९१८ साली 'ट्रिपल ट्रबल' नावाचा चॅप्लिनपट बाजारात आणला. एवढं सगळं जमेस धरून पन्नासांतले नेमके किती उरले, ते मी हिला सांगितलेलं नाही.

शेवटच्या तबकडीवर तर चार्लीच नव्हता. मिशी तीच, टोपी तीच, काठीही तीच. आईने दोन मिनिटं बघितलं आणि चष्मा काढून ठेवला. "हा आपला नव्हे. ह्याला चालता येतं, पण पडता येत नाही." तो बिली वेस्ट निघाला. चॅप्लिनची हुबेहूब नक्कल करून पोट भरणारा गृहस्थ. आणि त्याच्या सिनेमांत धटिंगण म्हणून काम करायचा तो ऑलिव्हर हार्डी, पुढे लॉरेलच्या जोडीने अजरामर झालेला. मला हा शोध फार मोठा वाटला. आईला तिची साडेसातची मालिका मोठी वाटली.

मग आम्ही शहाण्यासारखे चांगल्या आवृत्तीकडे वळलो. २०१० साली कीस्टोनच्या सिनेमांचा चार तबकड्यांचा संच निघाला. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट, बोलोन्याचा सिनेटेका आणि पॅरिसचं लॉब्स्टर फिल्म्स यांनी देशोदेशीच्या झिजलेल्या प्रिंट गोळा करून, कुठून चांगला प्रवेश तर कुठून नुसती काही सेकंदं घेऊन ते सिनेमे उभे केले. चेहरे दिसायला लागले. पहिल्यांदा कळलं की त्यातली नटी मेबल नॉर्मंड डोळ्यांनी काय काय बोलते. आधीच्या संचात तिला डोळे होते एवढंच काय ते समजत होतं.

आता चांगल्याची चटक लागली आणि परदेशातून एकेक संच यायला लागला. इथे एक फार मोठा घोटाळा आहे. डीव्हीडीच्या जगात अमेरिका विभाग १, युरोप २ आणि आपण ५. ब्लू-रेच्या जगात अमेरिका ए, युरोप बी, आपण सी. एका विभागाच्या तबकडीला दुसऱ्या विभागाचं यंत्र ओळख दाखवत नाही. ज्या कलेला भाषेची अडचण नव्हती म्हणून ती जगभर चालली, तिला घरात घ्यायला आता हा व्हिसा. यंत्राचा ट्रे उघडून रिमोटवर एक गुप्त आकडा दाबला की ते सगळ्या विभागांना शरण येतं म्हणतात. आमच्या यंत्राने आकडा ऐकून घेतला आणि मेनू पोर्तुगीज भाषेत दाखवायला लागलं. संगणकाच्या ड्राइव्हची तर आणखी तऱ्हा: विभाग फक्त पाच वेळा बदलता येतो, मग तो कायमचा. बस्टर कीटन या दुसऱ्या मूकपटवीरासाठी एक संधी वापरली त्या दिवशी घरात कन्यादानाचं गांभीर्य होतं.

एवढं करून तबकडी चालली की विचारणा होते: संगीत पियानोचं हवं की वाद्यवृंदाचं? तिसरा पर्याय म्हणजे अभ्यासकाचं भाष्य. मूकपटावर एक विद्वान अथपासून इतिपर्यंत बोलतो! १९१७च्या 'ईझी स्ट्रीट'मध्ये धटिंगण झालेला एरिक कॅम्पबेल ताकद दाखवायला रस्त्यावरचा गॅसच्या दिव्याचा खांब वाकवतो, चार्ली उडी मारून त्याचं डोकं त्या दिव्यात कोंबतो आणि गॅस सोडतो. मग नाडी बघतो, आणि आणखी थोडा सोडतो. त्या दुसऱ्या वेळी पियानोवाला एक क्षण थांबतो. वाद्यवृंद थांबत नाही. पियानोच बरा, हे मी उठून, पुन्हा लावून, दोन्ही ऐकवून सिद्ध करून दाखवलं. तोवर आईचा डोळा लागला होता.

खरी गोम मात्र वेगळीच आहे. हे सिनेमे अजून सापडतायत. २०१० साली मिशिगनमध्ये जुन्या वस्तूंच्या विक्रीत 'अ थीफ कॅचर'ची प्रिंट मिळाली. त्यात चॅप्लिन आहे हेच कुणाच्या ध्यानात राहिलं नव्हतं. २०१३ला कीटनच्या 'द ब्लॅकस्मिथ'ची निराळीच आवृत्ती पुढे आली. २०१५ला लॉरेल-हार्डीच्या 'बॅटल ऑफ द सेंच्युरी'चं दुसरं रीळ सापडलं, म्हणजे हजारो 'पाय' (खायचे, मलईचे) एकमेकांच्या तोंडावर फेकायची ती प्रसिद्ध लढाई जवळजवळ पुरती हाती आली. जगभरच्या रसिकांना आनंद होतो. आमच्याकडे कुरियरवाला येतो.

"तो माणूस १९७७ साली गेला ना?" हिने पाकीट हातात घेऊन विचारलं. "मग याचे नवीन सिनेमे कोण काढतंय?"

मी तिला धीर दिला. म्हटलं, कीस्टोनचा आता एकच राहिलाय, 'हर फ्रेंड द बँडिट'. १९१४चा. तो अजून कुणालाही सापडलेला नाही.

"नक्की ना?"

कपाटात त्या एका खोक्याएवढी जागा मी राखून ठेवली होती. तिथे परवापासून लिंबाच्या लोणच्याची बरणी आहे.