खांद्यावरचा हात

शनिवारी मॅच असली की शुक्रवारी रात्री साडेनऊला माझा फोन वाजतो. पलीकडं आमच्या पेठेच्या टीमचा मॅनेजर असतो आणि त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "भावा, पाच मिन्टाचं काम हाय."

गेल्या सहा वर्षांत हे पाच मिनिटांचं काम पहाटे दोनच्या आत कधी संपलेलं नाही.

माझा धंदा तसा सरळ आहे. लग्नपत्रिका, हॉटेलांची मेनूकार्डं, दुकानांच्या पाट्या आणि चौकाचौकात लागणारे वाढदिवसाचे डिजिटल फलक. पण जन्म कोल्हापुरात आणि तोही पेठेत झाल्यामुळं फुटबॉल कपाळावर लिहूनच आलेला. बाहेरगावच्या माणसाला हे पटत नाही. कोल्हापूर म्हटलं की तो कुस्ती, मिसळ आणि तांबडा-पांढरा एवढ्यावर थांबतो. त्याला सांगावं लागतं की बाबा, खासबागेचं कुस्तीचं मैदान आमचंच, पण इथल्या फुटबॉल टीमची नावं वाच: पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम. नावात तालीम, कामात फुटबॉल. शाहू स्टेडियमवर दोन पेठा समोरासमोर आल्या की त्या दिवशी जावयानंसुद्धा सासुरवाडीला जाताना पेठ बघून जावं.

पूर्वी एवढ्या सगळ्याला चौकातला एक डिजिटल पुरायचा. मग पेठेतल्या कुणीतरी युरोपातल्या मोठ्या क्लबांची पानं मोबाईलवर बघितली आणि माझ्या शुक्रवारच्या झोपेला ग्रहण लागलं. तिकडं म्हणे मॅचच्या दिवशी एक पोस्ट असते, अकरा जणांची नावं सांगणारी दुसरी, गोल झाला की तिसरी, मॅच संपली की चौथी, आणि मधे कुणाचा वाढदिवस आला तर पाचवी. "बार्सिलोनाला जमतंय तर आपल्याला का न्हाई?" असा सवाल मॅनेजरनं चहाच्या गाड्यावर टाकला. मी समजावून सांगितलं, की तिकडं सीझनच्या सुरुवातीलाच फोटोचा एक दिवस ठेवतात. प्रत्येक खेळाडूला नव्या जर्सीत साध्या पडद्यापुढं उभं करतात. हाताची घडी, डावीकडं वळ, उजवीकडं वळ, एकदा ओरड. मग वर्षभर डिझायनर सुखात.

"एवढंच? मग आपण बी करूया की."

केलं. रविवारी सकाळी आठची वेळ दिली. पावणेअकरापर्यंत सातजण आले. त्यातले दोघं जर्सीत होते, आणि त्यातल्या एकाची जर्सी मागल्या वर्षीची. एक थेट बारशाहून कुर्त्यात आला. हाताची घडी घाल म्हटलं की सगळे हसायचे आणि ओरड म्हटलं की लाजायचे. मैदानावर रेफ्रीला ऐकू जाईल असं ओरडणारी ही पोरं, पण कॅमेऱ्यापुढं नव्या नवरीसारखी मान खाली. शेवटी मॅनेजरनं तोडगा काढला, "ज्याचा त्याचा फोटो जो तो व्हॉट्सॲपवर टाकंल."

त्यानंतर जे फोटो आले ते मी आजही जपून ठेवलेत. गोलकीपरचा फोटो बुलेटवर बसून, गॉगल लावून. लेफ्ट बॅकनं कॉलेजच्या ओळखपत्राचा फोटो काढून पाठवला होता. गालावर अर्धा गोल शिक्का आणि कानाजवळ स्टेपलरची पिन. एकानं स्वतःचा म्हणून पाठवलेल्या फोटोत बारा माणसं होती, खाली लिहिलं होतं, 'मागून तिसरा'. सेंटर हाफचा एकच बरा फोटो होता आणि तो त्याच्या लग्नातला. कपाळावर मुंडावळ्या.

"मुंडावळ्या तेवढ्या काढ की," मॅनेजर म्हणाला.

मुंडावळ्या काढता येतात हो. पण त्यांच्या मागचं कपाळ कुठून आणायचं? ते रंगवावं लागतं. मग भुवई अर्धी गेलेली असते, ती दुसऱ्या बाजूची उलटी करून लावायची. मग अक्षता. एकेक अक्षता टिपून काढायची. रात्री बारा वाजता एका माणसाचं लग्न पुसत बसलेला मी, आणि शेजारच्या खोलीतून बायको विचारते, "अजून किती वेळ?"

केस ही फुटबॉलपटूची शोभा आणि डिझायनरचा काळ. हा आजार बाहेरून आला. २०१८च्या विश्वचषकात नेमार डोक्यावर शेवयांसारखे पिवळे केस घेऊन उतरला आणि आठ दिवसांत आमच्या पेठेत तीन नेमार तयार झाले. असले केस मागच्या झाडापासून सुटे करायचे म्हणजे भिजलेल्या शेवया हातानं मोजायच्या. आता सॉफ्टवेअरमध्ये एक बटण आहे, दाबलं की माणूस आपोआप कापून मिळतो. मिळतो, पण आपल्या मर्जीनं. आमच्या गोलकीपरचा कान त्यानं कापून टाकला आणि मागच्या बुलेटचा आरसा त्याच्या शरीराचा भाग समजून ठेवून दिला. तशीच पोस्ट गेली असती तर प्रतिस्पर्ध्यांनी वर्षभर त्याला 'साईड मिरर' म्हणून हाक मारली असती.

जर्सीचं दुखणं वेगळं. बुलेटवरच्या माणसाला जर्सी कशी घालायची? मग इंटरनेटवरून एक धड उचलायचं, त्याचा रंग बदलायचा आणि वर आपलं मुंडकं बसवायचं. मानेवर आमची पेठ, मानेखाली ब्राझील. दोन्हींचा वर्ण जुळवता जुळवता डोळे येतात. एकदा घाईत मी एका धडाच्या हातावरचं गोंदण पुसायला विसरलो. दुसऱ्या दिवशी राईट बॅकच्या आई माझ्या दुकानात हजर. "ह्यानं कवा गोंदवून घेतलं? आणि ही बाई कोण?" मी मूळ फोटो दाखवला तेव्हा माउलीचा जीव भांड्यात पडला. पोराला त्याआधीच दोन बसल्या होत्या.

मग अक्षरं. मराठी माणसानं जुन्या फोटोशॉपमध्ये 'शनिवार' लिहून बघावं. टाईप इंजिनाची नेमकी सेटिंग बदललेली नसेल तर पडद्यावर 'शनविार' उमटतं. पहिली वेलांटी वाट चुकून पुढच्या अक्षराला चिकटते, एसटीत झोपून पुढच्या स्टॉपवर उतरलेल्या माणसासारखी. सेटिंग बदलायला मी तीन वर्षांनी शिकलो. तोवर प्रत्येक वेलांटी हातानं उचलून जागेवर ठेवत होतो. जुन्या फॉन्टात केलेली फाईल दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडली तर आख्खी टीम रोमन लिपीतल्या शिव्यांसारखी दिसते, ते वेगळंच.

हे सगळं निभावलं तरी मागची पार्श्वभूमी उरते. आमच्याकडं साधी पार्श्वभूमी म्हणजे टीमचा अपमान. "जाळ अन् धूर संगटच पायजे," हा नुसता वाक्प्रचार नाही, ती मला मिळालेली लेखी ऑर्डर आहे. मग मी धुराचं पारदर्शक चित्र शोधतो, उतरवतो, पोस्टवर ठेवतो, आणि धुराच्या मागं करड्या-पांढऱ्या चौकटींची बुद्धिबळाची पाटी निघते. पारदर्शकपणाची ती खूण कुणा भल्या माणसानं चित्रातच रंगवलेली असते. या फसवणुकीला कायद्यात कलम हवं.

पण खरी मॅच इथून पुढं सुरू होते. इन्स्टाग्रामसाठी मी करतो ती उभी पोस्ट १०८० बाय १३५० पिक्सेलची. एवढ्या जागेत अकरा खेळाडू. मग राखीव सात, कारण "त्यांनी काय घोडं मारलंय?" मग कोच, मॅनेजर. वर शाहू महाराज हवेतच, त्याला माझी हरकत नाही. शेजारी तालमीचं दैवत. मग अध्यक्ष, उपाध्यक्ष, आधारस्तंभ, मार्गदर्शक, आणि ज्यानं पाण्याच्या बाटल्यांचे दोन बॉक्स दिले तो सौजन्यवाला. मैदानात एका बाजूला अकरा, पोस्टवर सत्तावीस. एका पोस्टमध्ये अध्यक्षांचं डोकं सेंटर फॉरवर्डच्या डोक्यापेक्षा दुप्पट झालं होतं. मी म्हटलं, खेळणारा मोठा दिसायला नको का? उपाध्यक्ष शांतपणे म्हणाले, "खेळणारा दरवर्षी बदलतोय."

हे बाबूराव पेंटरांचं गाव. त्यांनी इथं महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, आपल्या चित्रपटांची पोस्टरं त्यांनी स्वतः रंगवली. त्यांना कुणी 'खाली सौजन्यवाल्याचा गोल फोटो टाका' म्हणालं असतं तर त्यांनी ब्रश कुठं ठेवला असता, याचा विचार मी रात्री दीड वाजता बऱ्याचदा करतो.

आमचे सोपे दिवसही आले, नाही असं नाही. २०१७ साली कोल्हापूरचा अनिकेत जाधव १७ वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला तेव्हा अख्खं गाव पोस्टरमय झालं. त्याचे फोटो स्वच्छ, उजेड नीट, जर्सी खरी आणि कान दोन्ही जागेवर. अर्ध्या तासात पोस्ट तयार झाली आणि मी चक्क रडवेला झालो. २०२२ साली अर्जेंटिनानं फ्रान्सला पेनल्टीवर हरवलं त्या रात्री मात्र परत पंचाईत. मेस्सीला चषक देताना कतारच्या अमिरांनी त्याच्या खांद्यावर काळा, सोनेरी काठाचा झिरझिरीत झगा चढवला. झिरझिरीत! त्यातून आतली निळी-पांढरी जर्सी दिसते. तो कापायला मला दोन तास लागले. सकाळी चौकात डिजिटल लागला तेव्हा एक म्हातारबाबा थांबून बराच वेळ बघत राहिले. "चांगलं झालं. खेळून खेळून वकील झालं पोरगं," म्हणाले.

त्या विजयानंतर मेस्सीनं स्वतः जे फोटो टाकले ते इन्स्टाग्रामवरची सगळ्यात जास्त पसंती मिळालेली पोस्ट ठरली. त्यात ना जाळ, ना धूर, ना सौजन्य. आणि हातातला तो चषकही, म्हणे, खरा नव्हता, कुणा चाहत्यानं करून आणलेली प्रतिकृती होती. त्याआधीचा विक्रम तर एका अंड्याच्या फोटोच्या नावावर होता. नुसतं अंडं! हे मी मॅनेजरला सांगितलं. तो विचार करून म्हणाला, "मग आपल्या पोस्टच्या कोपऱ्यात एक अंडं टाकूया का?"

आता त्या शुक्रवारची गोष्ट. आमच्या स्ट्रायकरचा एकच फोटो माझ्याकडं बरा होता. संध्याकाळचं ऊन, चेहऱ्यावर हसू, अंगात जर्सी. खोट एवढीच, की शेजारी कुणीतरी उभा होता. तो शेजारचा मी कापला, पण त्याचा हात स्ट्रायकरच्या खांद्यावर उरला. चार बोटं, एक अंगठी, मनगटाला गंडा. हात पुसून तिथं जर्सीचं कापड रंगवायला पाऊण तास गेला. काम फत्ते झालं. माझ्या फोल्डरमध्ये तेव्हा 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल नवीन २' आणि 'हेच फायनल' अशा चार फाईली होत्या. दोन वाजून दहा मिनिटांनी, एका डोळ्यानं बघत, मी त्यातली चुकीची पाठवली.

सकाळी सातला उठलो तर चौतीस मेसेज. सगळ्यांचा एकच प्रश्न, हात कुणाचा?

नऊ वाजेपर्यंत उत्तर मिळालं. हात समोरच्या टीमच्या गोलकीपरचा होता. दोघं शाळेपासूनचे दोस्त, एका बाकावर बसलेले, हे पेठेत फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. मनगटाचा गंडा त्यांच्या पेठेच्या रंगाचा. साडेनऊला त्यांच्या पानावर पोस्ट आली. आमचीच पोस्ट मोठी करून त्यातला फक्त हात घेतलेला आणि खाली ओळ, 'आमच्या हाताशिवाय तुमचं पान हलत न्हाई'. खोटं कशाला बोलू, मांडणी सुरेख होती. अक्षरांतलं अंतर तर मला कधी जमलं नव्हतं इतकं नेमकं.

मॅनेजरचा फोन आला तेव्हा मी उचलला नाही. दुपारी स्टेडियमवर गेलो, ते प्रेक्षकांत सगळ्यात वरच्या पायरीवर, टोपी खाली ओढून. आमच्या स्ट्रायकरनं पहिल्या अर्ध्यात एक गोल मारला आणि दुसऱ्या अर्ध्यात दुसरा. दोन्ही त्या हाताला चुकवून. मॅच संपल्यावर तोच हात पुन्हा त्याच्या खांद्यावर पडलेला मी वरून बघितला.

रात्री साडेनऊला फोन वाजला. आता वाचत नाही म्हणून उचलला.

"भावा," मॅनेजर म्हणाला, "पुढच्या पोस्टला त्यो हात काढू नगंस."

"म्हणजे?"

"लकी हाय त्यो. अध्यक्ष बी म्हनालेत. माझा फोटो लहान करा पर हात ऱ्हाऊ दे म्हनालेत."

अध्यक्षांचा फोटो लहान होण्याची ही पेठेच्या इतिहासातली पहिलीच वेळ. तेव्हापासून माझ्या फाईलमध्ये 'हात' नावाचा वेगळा लेअर आहे आणि त्याला कुलूप आहे. फोटो बदलला, जर्सी बदलली, पाण्याच्या बाटल्यांचा सौजन्यवाला बदलला, पण हात तिथंच. पूर्वी पुसत होतो तो आता दर आठवड्याला नव्या खांद्यावर बसवतो, बोटांखाली सावली देतो, अंगठीला चमक देतो.

परवा सीझनची शेवटची पोस्ट पाठवून दिवा मालवला तर फोन. पावणेतीन वाजले होते. आमचा गोलकीपर.

"दादा, झोपलायस काय?"

"न्हाई, तुझा कान लावालोय. बोल."

तो थोडा घुटमळला. "दादा, माझ्या बी खांद्यावर एक ठेव की. तुझ्याकडं कुणाचा जादा पडला असंल तर."