‘कुठल्याही फळाचं पान चालेल’? मुळीच नाही

अमळनेरच्या मावशीचा मेसेज आला, खाली एकच ओळ: “भाऊ, हाई खरं शे का?” मावशीचं केमो अर्ध्यावर आलंय, म्हणून नेहमीसारखं डिलीट करून गप्प बसता येईना. मेसेज म्हणतो: सीताफळ, रामफळ, लक्ष्मणफळ ही एकाच झाडाची तीन रूपं, जीन्स एकच. कुठल्याही एकाच्या पानांचा काढा उपाशीपोटी घ्या. तो केमोपेक्षा ‘दहा हजार पट’ प्रभावी आहे, केमो बंद करा. बियांची पूड डोक्याला लावा, उवा जातील. बिनबियांची सीताफळं जीएम (प्रयोगशाळेत जीन्स बदललेली), ती टाळा. आणि शेवटी, घरी बी पेरा, तेच फळ मिळेल.

आधी ते दहा हजार. हा आकडा हवेतून आलेला नाही, एवढं कबूल करावं लागतं. 1996 मध्ये लक्ष्मणफळाच्या बियांतून काढलेलं एक रसायन प्रयोगशाळेत आतड्याच्या कर्करोगाच्या पेशींवर वापरून पाहिलं. त्या एका प्रकारच्या पेशींवर ते ॲड्रियामायसिनपेक्षा (पेशंट ज्याला लाल केमो म्हणतात तेच) दहा हजार पट तीव्र ठरलं. म्हणजे बियांतलं शुद्ध केलेलं एक रसायन आणि काचेच्या बशीतल्या पेशी. यात पान कुठे आलं? काढा कुठे आला? पेशंट तर नव्हताच. पेशी मारणारं विष शोधणं सोपं असतं. बाकीचं शरीर शाबूत ठेवून मारणारं शोधणं अवघड.

आणि बाकीचं शरीर इथेच आडवं येतं. कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादेलूप बेटावर लक्ष्मणफळ नेहमीचं, पानांचा काढाही नेहमीचा. तिथे कंपवातासारखा, पण कंपवाताच्या औषधांना दाद न देणारा आजार नको तितका दिसू लागला. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात 87 रुग्णांचा अभ्यास आला. हा वेगळा आजार असलेल्यांनी ही फळं आणि हा काढा इतरांपेक्षा जास्त घेतला होता. संशय लक्ष्मणफळातल्या ॲनोनासिन या रसायनावर आहे, जे पेशीची ऊर्जा तयार करणारी यंत्रणाच अडवतं. काढ्यानेच आजार होतो हे त्यातून सिद्ध होत नाही, आणि हंगामात चार फळं खाल्ल्याने कुणी आजारी पडतं असंही त्यात म्हटलेलं नाही. पण केमोने आधीच हातापायांना मुंग्या येणाऱ्या बाईला रोज उपाशीपोटी हे पाजायचं? ज्याने फॉरवर्ड केलं त्याने आधी स्वतः सहा महिने पिऊन दाखवावं.

आता ‘जीन्स एकच’. तिन्ही एकाच वंशातली, तिघांची गुणसूत्रं 14, इथवर ठीक. पण जाती वेगवेगळ्या. दसरा-दिवाळीला धडगावकडच्या पावरा बाया टोपल्यांतून आणतात ते सीताफळ: डोळे उघडून मधल्या खाचा पांढुरक्या झाल्या की तोडायचं, हातात दाबलं की पाकळ्या सुटतात. रामफळ संक्रांतीनंतरचं, जवळपास गुळगुळीत सालीचं, गर रवाळ. लक्ष्मणफळाला मऊ काटे, चव आंबट, आणि एकेक फळ किलो-दोन किलोचं. साल, गर, हंगाम, चव सगळं वेगळं, तर पानांतली रसायनं कशी एक असतील? रसायनं त्याच घराण्यातली आहेत, पण कुठलं आणि किती, हे जातीनुसार आणि झाडाच्या भागानुसार बदलतं. ‘कुठलंही पान चालेल’ हे वाक्य म्हणूनच सगळ्यात बिनडोक आहे.

बियांची पूड उवांवर खरंच चालते, आपल्या आज्या वापरायच्या. पण ती डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते, याच्या केसेस डोळ्यांच्या डॉक्टरांकडे येतात. मेडिकलमध्ये उवांचं औषध मिळतं, ते आणा.

जीएमचं तर हसूच येतं. बिनबियांच्या थाई सीताफळात बियांचं आवरण घडवणारा एक जीन मुळातच गळालेला आहे. 2011 मध्ये शास्त्रज्ञांनी तो शोधला. हा निसर्गात झालेला बदल आहे, प्रयोगशाळेतला नाही.

राहिलं बी पेरणं. सीताफळाच्या एकाच फुलात मादीभाग आधी तयार होतो, पराग नंतर सुटतात, त्यामुळे किडे दुसऱ्या झाडाचे पराग आणतात. बालानगर या वाणाची बी पेरली तर बालानगरच येईल याची खात्री नाही. फळ येईपर्यंत तीन-चार वर्षं जातात, तेव्हा कळतं की डोळे लहान आणि बियाच जास्त. म्हणून नर्सरीत कलम घेतात, आणि ज्या झाडाची काडी लावली ते झाड आधी पाहून घेतात.