शून्य किलोमीटरवर पुणे

"दोन ओळींचं तर काम आहे" असं म्हणणाऱ्या माणसाला आधी त्या दोन ओळी लिहायला बसवलं पाहिजे. एका क्लायंटला (नाव नको, पैसे अडकलेत) सोलापुरातून निघणारे ५० किलोमीटरच्या आतले रस्ते हवे होते. गाव म्हणजे नोड (ठिपका), रस्ता म्हणजे एज (दोन ठिपके जोडणारी रेघ), अंतर एजवर चिकटवलेलं, आणि हे सगळं मिळून झाला ग्राफ. पायथनमध्ये नेटवर्कएक्स या ग्राफच्या लायब्ररीला सांगायचं सोलापूरच्या एज दे, अंतरासकट दे, मग ५० च्या वरच्या गाळायच्या.

रन केलं आणि नेमके तेव्हाच शेजारचे काका पेपर न्यायला आले. काका रिटायर्ड कंडक्टर. पेपर राहिला बाजूला, चष्मा वर करून माझ्या स्क्रीनवर.

"सोलापूर-पुणे शून्य किलोमीटर? हायवे लईच सुधारला की बे!"

आधी हे काम करून पळालेल्या पोराने अंतर नसेल तिथं डिफॉल्ट शून्य घे असं लिहून ठेवलेलं, आणि पुण्याचं अंतर डेटात कुणी भरलंच नव्हतं, मग शून्य ५० पेक्षा कमी म्हणून पुणं ऐटीत अक्कलकोटच्या शेजारी येऊन बसलं. शून्याच्या जागी None (पायथनच्या भाषेत 'काहीच नाही') टाकलं, अंतर नाही त्या एज वेगळ्या काढल्या. पुणं गेलं. काका नाही गेले.

"सोलापूर-तुळजापूर दिसतंय. तुळजापूर-सोलापूर कुठाय?"

"काका, हा अनडायरेक्टेड ग्राफ आहे. दोन्हीकडून रस्ता एकच, म्हणून एज एकदाच येते."

"आणि लोकं? देवीलाच ठेवून यायची काय?"

"अहो, तीच एज परतीला पण चालते."

"जायचं तिकीट परतीला चालतंय होय? आमच्या गाडीत चाललं नसतं बे. खाली उतरवलं असतं तुला."

१७३६ मध्ये ऑयलर नावाच्या गणितज्ञाने कोनिग्सबर्ग शहरातल्या सात पुलांच्या कोड्यावरून (प्रत्येक पूल एकदाच ओलांडून फिरता येईल का?) हा ग्राफचा उद्योग सुरू केला. बरं झालं त्याला सोलापूरच्या सात रस्ता चौकात कुणी उभं केलं नाही, आणि आमच्या काकांशेजारी तर नाहीच नाही, नाहीतर पेन खिशात घालून गुमान शेंगाचटणी-भाकरी खात बसला असता.

काका एकदाचे गेले, मी यादी पाठवली. तासाभरात क्लायंटचा फोन, "परतीचे रस्ते का गाळले?"

आता बोला! मग सगळा ग्राफ डायरेक्टेड केला, म्हणजे प्रत्येक रस्त्याच्या दोन-दोन एज. त्यात पण गंमत अशी की डायरेक्टेडमध्ये नुसतं एजेस म्हटलं की फक्त बाहेर जाणाऱ्या मिळतात, आत येणाऱ्यांसाठी इन-एजेस वेगळं मागावं लागतं. तेही केलं, दोन्ही जोडल्या, पाठवल्या. तर म्हणे, "यादी डबल कशी झाली? आणि याचे जादा पैसे कशाचे, दोन ओळींचंच तर काम होतं."

बिल अजून तसंच पडलंय. आणि काका पेपर घेऊन गेले ते गेलेच, आज रविवारची पुरवणी होती त्यात.