सव्वा लाखाची उसळी

सोसायटीची वार्षिक सभा रविवारी झाली. तेव्हापासून मी चौथ्या मजल्यावर जिन्याने जातो, कारण लिफ्टमध्ये काका भेटतात.

माझा गुन्हा एवढाच, की सोसायटीची वेबसाइट मी फुकट करून दिली. वेबसाइटवर सिंकिंग फंडाचा, म्हणजे इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेल्या पैशांचा, आकडा शून्यापासून पळत पळत ४,८०,००० वर यावा, अशी हौस आली. ट्वीन.जेएस नावाची चिमुकली लायब्ररी, म्हणजे दुसऱ्याने लिहून ठेवलेला आयता कोड, आहे. तिला ऑब्जेक्ट (नाव दिलेल्या आकड्यांचा डबा) द्यायचा, त्यातली 'शिल्लक' कुठवर न्यायची आणि किती मिलिसेकंदांत, तेवढं सांगायचं. मधले आकडे ती भरते. फक्त दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक नव्या चित्राला, 'अपडेट' म्हणून हाक मारावी लागते, नाहीतर ढिम्म हलत नाही. (आमचा प्लंबर असाच आहे.) एक रात्र त्यात गेली. दुसरी रात्र रुपयांना फुटलेली दशांशांची शेपटं छाटण्यात.

इथे थांबायला हवं होतं. पण सरळ चालीने वाढणारा आकडा फारच कारकुनी वाटला, म्हणून तिच्यातलीच 'इलॅस्टिक आउट' नावाची चाल लावली. त्यात आकडा मुक्काम ओलांडून सव्वापट उडी मारतो, मागे येतो आणि रबरासारखा हेलकावत थांबतो.

प्रोजेक्टरवर तो थांबला, आणि बँकेतून निवृत्त झालेले काका उठले.

"सहा लाख दिसले."

"काका, ते ॲनिमेशन आहे."

"मी चष्मा लावून पाहिलेत. आधी सहा, मग साडेचार, मग चार ऐंशी. सव्वा लाख गेले कुठे?"

"गेले नाहीत हो, ते आलेच नव्हते."

"आलेच नव्हते, तर दाखवलेस कशाला?"

निर्दोष खजिनदारांनी उगाच खिशावर हात ठेवला. काकांनी ते सहा वेळा चालवायला लावलं. दर खेपेला कुणाला तरी नवाच आकडा दिसला. एका काकूंनी तो पावतीच्या मागे लिहून घेतला.

"मधली प्रत्येक एंट्री छापून दे. सहीनिशी."

सेकंदाला ६० फ्रेम, दोन सेकंद, म्हणजे १२० पानं होतील, हे मी समजावायला गेलो. चुकलंच.

"म्हणजे १२० एंट्र्या लपवल्यास!"

तीन पावसाळे माझ्या बेडरूमचं छत गळतंय. तो विषय 'वेळेअभावी' पुढे गेला. वेबसाइट बरी झालीये, असं एकाच्याही तोंडून निघालं नाही, आणि माझ्यापर्यंत येईतो वडे संपले.

काल इतिवृत्त आलं. ठराव क्रमांक ७: यापुढे सोसायटीची शिल्लक हलणार नाही. सूचक काका, अनुमोदक खजिनदार.