‘पॉश’ हे कोणत्याही तिकिटावरचं संक्षिप्त रूप नाही

व्हॉट्सॲपवर एक माहिती पुन्हा फिरते आहे. ब्रिटिश काळात विलायतेहून मुंबईला येणारे श्रीमंत प्रवासी उन्हापासून बचाव म्हणून येताना बोटीच्या डाव्या बाजूची आणि परतताना उजव्या बाजूची केबिन घेत. ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ची आद्याक्षरं त्यांच्या तिकिटावर छापलेली असत आणि त्यातूनच ‘पॉश’ हा शब्द आला, असं त्यात म्हटलंय.

सावलीचा हिशोब बरोबर आहे. पूर्वेकडे येताना डावी बाजू उत्तरेला राहते. पण तसा शिक्का असलेलं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही, आणि ही गोष्ट छापील स्वरूपात दिसते ती १९३० च्या दशकात. शब्द त्याहून जुना आहे. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या बोलीत ‘पॉश’ म्हणजे अर्धा पेनी, किरकोळ पैसा. तो युरोपातल्या रोमा (जिप्सी) लोकांच्या रोमानी भाषेतल्या ‘अर्धा’ या अर्थाच्या शब्दावरून आला. रोमानी ही आपल्या मराठीसारखीच भारतीय-आर्य कुळातली, त्यामुळे भारताशी नातं आहेच, फक्त बोटीतून आलेलं नाही! १८९० च्या सुमाराच्या बोलीभाषेच्या कोशात याच शब्दाला ‘छानछोकी माणूस’ असाही अर्थ दिलाय. आजचा ‘उंची, ऐटबाज’ हा अर्थ बहुधा त्यातूनच आला असावा, पण हे पूर्णपणे सिद्ध झालेलं नाही.

कार्यालयातला ‘पॉश कायदा’ मात्र खरोखर आद्याक्षरांचा आहे. तो लैंगिक छळ प्रतिबंधाचा (‘प्रिव्हेन्शन ऑफ सेक्शुअल हॅरॅसमेंट’), २०१३ चा. ‘पॉश सोसायटी’तल्या शब्दाशी त्याचा संबंध नाही.